परीक्षेला समोर कुणीतरी

जोगेश्वरीच्या नाक्यावर शेवंतीताईंचा फ्लेक्स लागला, तेव्हा त्यांना तोंड लपवावंसं वाटलं होतं. ‘परदेशी विद्यापीठाची पदवी मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोटो, तेही ताईंच्या फोटोपेक्षा मोठे. पदवी कसली? मोबाइलवर फुकट मिळणारे परदेशी विद्यापीठाचे मानसशास्त्राचे कोर्स त्यांनी पुरे केले होते, तेवढंच. पण मंडळाला दम कुठला! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा नितेश बंगळूरला. रविवारी फोन करायचा, ‘जेवलीस ना?’ विचारायचा आणि ठेवायचा. अंधेरीच्या एमआयडीसीतली पॅकिंगची नोकरी सुटल्यापासून घर खायला उठायचं. कोर्समधल्या बाई निदान ‘कसे आहात सगळे?’ असं विचारून धडा सुरू करायच्या. खाली मराठीत अक्षरं उमटायची. शेवंतीताई चहाचा कप हातात धरून म्हणायच्या, ‘बरी आहे.’

लग्नामुळे त्यांचं बी.ए. पहिल्या वर्षानंतर सुटलं होतं. नामांकित विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा या वयात झेपणारी नव्हती. पण या कोर्सचं क्रेडिट मिळालं, म्हणजे ते पदवीत धरले गेले, तर थेट दुसऱ्या वर्षाला बसता येईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. फ्लेक्सही खोटा पडला नसता. आणि मुख्य म्हणजे वर्ग मिळाला असता, बाकावर शेजारी कुणीतरी असलं असतं.

त्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागातल्या अनुपमा मॅडम चांगल्या होत्या. ताईंनी लॅमिनेट करून आणलेली सर्टिफिकेटं त्यांनी नीट पाहिली.

‘परीक्षा कुणासमोर दिलीत?’

‘कुणासमोर म्हणजे?’

‘सेंटरवर? सुपरवायझर होते?’

‘नाही मॅडम. घरीच. एकटीनं.’

मॅडमनी चष्मा काढला. ‘या फुकटच्या कोर्सला आमच्याकडे क्रेडिट नाही, ताई. कोर्स आमच्या यादीतला हवा आणि परीक्षा सेंटरवर, कुणाच्या तरी समोर दिलेली हवी. एकटीनं दिलेली नाही चालत.’

नकार ताईंनी गिळला, पण ते ‘एकटीनं’ घशातच अडकलं. एकटीनं जेवलेलं चालतं, एकटीनं तापात पडून राहिलेलं चालतं. परीक्षाच तेवढी चालत नाही म्हणे! रविवारी नितेशनं क्रेडिटचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘बघू म्हणालेत.’

मग पुढच्या कोर्सची परीक्षा आली. आदल्या दिवशी त्यांनी शेजारच्या नंदाला गाठलं.

‘उद्या दुपारी माझ्यासमोर येऊन बस ना गं. परीक्षा आहे.’

‘मला काय कळतंय त्यातलं?’

‘काही करायचं नाही. नुसतं बसायचं.’

‘मग तुझं ते क्रेडिट मिळणार?’

‘नाही.’

‘वेडी झालीस काय यार!’ नंदा म्हणाली. पण आली. मेथीची जुडी घेऊन आली, दोन-चार काड्या निवडल्या आणि पंख्याखाली खुर्चीतच घोरायला लागली. झकास सुपरवायझर!

शेवंतीताईंनी सगळे प्रश्न सोडवले. मोबाइलवर पास झाल्याचं आलं. नंदाला हलवून सांगावं म्हणून त्यांनी हात पुढे केला, पण तो तसाच मागे घेतला आणि आवाज न करता उरलेली मेथी निवडायला घेतली. उठवलं असतं, तर नंदा घरी गेली असती.