थांबासरांचं पाण्याखालचं गाव

कुणी संगणक घ्यायचा विषय काढला की थांबासर डोळे मिटून घेत आणि म्हणत, "थांब जरा. पुढचा येतोय." मग पुढच्या प्रोसेसरचं वर्णन सुरू होई. तो किती कमी तापेल, एका वेळी किती कामं अंगावर घेईल. ऐकताना वाटे, ते कुठल्या तरी दूरच्या, थंड हवेच्या गावाबद्दल बोलताहेत. लखनौतल्या मराठी घरांत त्यांचं खरं नाव केव्हाच मागे पडलं होतं. एका संशोधन संस्थेतून ते निवृत्त झाले होते. बँकेच्या बदलीवर मी अलीगंजला आले, ती त्यांच्याच वरच्या मजल्यावर भाड्याने.

त्यांचं थांबणं आळसातलं नव्हतं. वाट पाहण्यात त्यांना खरोखर सुख होतं. काकू म्हणायच्या, "अगं, लग्नाच्या वेळीसुद्धा ह्यांनी मला थांबवलं. पुढचा मुहूर्त जास्त चांगला आहे म्हणे." सर यावर नुसते हसत आणि खिडकीतल्या उन्हाकडे बघत बसत.

त्यांच्या टेबलावरचं मशीन मात्र फार जुनं होतं आणि त्यात एक गाव होतं. ते काकूंचं माहेर. काकू अकरा वर्षांच्या असताना धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. गावाचा एकही फोटो उरला नव्हता. काकू संध्याकाळी मटार सोलता सोलता सांगत आणि सर माउसने एकेक घर उभं करत.

"आप्पांच्या ओसरीला खांब किती?"

"चार. एक कलता होता. त्यालाच गाय बांधायचे."

सर तो खांब कलता करत. असं सहा वर्षं चाललं होतं. मी बँकेतून आले की खालून हे संवाद ऐकू येत. जिन्यात उभी राहून मीही त्या गावात थोडी फिरून येई.

घरांपुरतं गाव पूर्ण झालं. आता सरांना त्यातून चालत गेल्यासारखी पाच मिनिटांची फिल्म करायची होती, वेशीपासून काकूंच्या अंगणापर्यंत. पण फिल्मच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात, आणि प्रत्येक चित्र तयार करायला त्या मशीनला वीस-वीस मिनिटं लागत. सगळी फिल्म व्हायला साडेतीन महिने लागले असते, तेही मधे वीज गेली नाही आणि मशीन तापून बंद पडलं नाही तर. आणि ते रोज बंद पडत होतं. नव्या प्रोसेसरवर हेच काम पंधरा दिवसांचं होतं. "दिवाळीला येणारा तर आठवड्यात करेल," सर म्हणत. "शिवाय आता घेतला तर बोर्ड बदलावा लागेल, आणि पुढच्याला तो बोर्ड चालणार नाही."

त्याच फाल्गुनात काकूंच्या डोळ्यांचं कळलं. कडेचं दिसणं आधीच गेलं होतं. मधलं उरलेलं पावसाळ्यापर्यंत टिकेल, फार तर, असं डॉक्टर म्हणाले.

दोन दिवसांनी सरांनी मला खाली बोलावलं. समोर कागद होता. एका बाजूला 'आता', दुसऱ्या बाजूला 'दिवाळी', आणि खाली बारीक अक्षरात बराच हिशेब. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं, "तू काय करशील?"

मी म्हटलं, "सर, प्रोसेसरमधलं मला काही कळत नाही. पण काल काकूंनी माझ्या चहात मीठ घातलं. मी बोलले नाही. प्यायले."

सरांनी कागदाची घडी घातली. मग उठून चपला घालायला लागले. म्हणाले, "स्कूटर काढतेस?"

दुकानदार ओळखीचा होता. सरांनी काय हवं ते सांगितल्यावर तो चकितच झाला. "सर जी, दिवाली तक रुक जाइए. नया आ रहा है."

"मालूम है भैया," सर म्हणाले. "आज ही चाहिए."

येताना ते खोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं. 

सोळाव्या दिवशी दुपारी काकूंना पडद्याच्या अगदी जवळ बसवलं. वेस आली. पिंपळ आला. कलत्या खांबाला गाय होती. काकूंनी पडद्यावर बोट टेकवलं आणि गायीच्या पाठीवरून फिरवलं. अंगण आलं, तुळस आली आणि फिल्म थांबली.

"नदीकडे वळा की," काकू म्हणाल्या.

"तिकडे अजून केलं नाहीये गं. इथपर्यंतच आहे."

"बरं. पुन्हा लावा."

त्या दुपारी त्यांनी ती अकरा वेळा पाहिली.  आषाढात त्यांची नजर पूर्ण गेली.

वर्षभरात सर आणि काकू मुलीकडे नाशिकला गेले. मधे एकदा मी फोन केला. काकू मजेत होत्या, मागून त्यांचा आवाज येत होता.

"काय करताय सर?"

"नदीच्या वाटेवर आहे. देवळापर्यंत आलोय."

"पण काकूंना तर..."

"मी सांगत जातो, ती ऐकते. पायऱ्या सात होत्या म्हणते. मी पाच केल्यात." कीबोर्डचा आवाज आला. "थांबू नकोस फोनवर, नंतर बोलू. दोन पायऱ्या वाढवायच्यात."