कंपनीचं नाव आत्याकडे नको

खरं सांगा, माइकला पाठ असते हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. जगातलं बाकी सगळं मला माहीत होतं, आणि घोटाळा तिथंच झाला.

माझे वडील चळवळीची पत्रकं छापायचे. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. त्यामुळे चहात साखर किती हवी यावरही मला भूमिका घ्यावी लागते. वडिलांची बहीण, माझी आत्या, शिवाजी पेठेत राहते. तिच्या गळ्यात गाठ निघाली आणि सोमवारी ऑपरेशन ठरलं. "गाठ जाईल, पण आवाज पहिल्यासारखा राहील असं सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. माझ्या आजीनं उसाची भांगलण, म्हणजे खुरपणी, करता करता रचलेली सहा गाणी आत्याला येतात. ती कुठंही लिहिलेली नाहीत. (गाठ आणि गाणी एकाच गळ्यात.) ती रेकॉर्ड करायला हातात एक रविवार होता.

सादिक माझा शाळेतला मित्र, लग्नांच्या ऑर्केस्ट्राचा साउंड बघतो. त्यानं दोन माइक पुढं ठेवले.

"ह्यो हातातला घे. त्वांडाम्होरं धरला की तेवढंच घेतोय, गल्लीची गडबड सोडतोय. ढोलकीलाबी चालतोय."

मी तो ओळखला. प्रत्येक पुढाऱ्याच्या सभेत असतो तोच. "ज्यात इतकी खोटी आश्वासनं शिरली, त्यात माझी आत्या गाणार नाही."

"अगं, पुसून देतो की."

दुसरा जाडजूड, स्टँडवर उभा राहणारा. "ह्यो स्टुडिओतला. लई बारीक ऐकतोय. ह्याला शांतता लागती. म्होरली बाजू आत्याकडं कर आणि आधी तपासून बघ."

मी तोच उचलला. पुढची बाजू कुठली, हे विचारलं नाही. मला प्रश्न व्यवस्थेला विचारायची सवय आहे, सादिकला नाही.

रविवारी दुपारी मी अख्खी गल्ली गप्प केली. तालमीतल्या पोरांना कष्टकरी स्त्रियांच्या गाण्यांवर पंधरा मिनिटं ऐकवलं. बिचारी मॅच बघायला जायची होती, तरी पायात बूट न घालता हळूच गेली. शेजारच्या काकूंचा मिक्सर थांबवला. आत्याचा फ्रीज बंद केला, पंखा बंद केला. आत्याचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणते, ढोलकी घेऊन घामानं निथळत बसले होते.

"श्वास घिऊ का त्योबी बंद करू?" त्यांनी विचारलं.

एवढ्यात माझं माइककडे लक्ष गेलं. एका बाजूला कंपनीचं नाव, चकचकीत अक्षरांत, थेट आत्यासमोर. आजीच्या घामाच्या गाण्यांपुढं जाहिरात? मी माइक गर्रकन फिरवला आणि ते नाव माझ्याकडे घेतलं. मी माइकच्या अलीकडे वही आणि चुरमुऱ्यांच्या भडंगाची पुडी घेऊन बसले होते, आत्या आणि मामा पलीकडे. मग हेडफोन घालून तपासलं: "हॅलो, एक, दोन, तीन." माझा आवाज इतका सुरेख आला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

आत्या गायली. पाचव्या गाण्यात ढोलकी थांबली. मामांनी डोळे पुसले आणि पुन्हा ठेका धरला. असं ती पुन्हा कधी गायली नाही.

ऑपरेशन झालं, गाठ साधीच निघाली. आवाज मात्र घोगरा झाला, वरचे सूर गेले ते गेलेच. पंधरा दिवसांनी मी सादिकचा मोठा स्पीकर मागवला, सगळ्यांना बसवलं आणि बटण दाबलं.

कुरुम, कुरुम, कुरुम.

हे माझं भडंग. मग माझं पुटपुटणं, अगदी कानाशी: "पाटलीणबाई हा शब्द सरंजामी. तळटीप द्यावी." मागं कुठंतरी, विहिरीच्या तळातून यावा तसा, आत्याचा आवाज. पुन्हा भडंग. तिसऱ्या गाण्यात, स्वच्छ आणि ठणठणीत: "इथं आत्या बेसूर."

मामांनी उठून स्पीकरला कान लावला.

"मी वाजवत हुतो का न्हाय?" मामांनी विचारलं.

सादिकनं कपाळाला हात लावला. "नाव कुणाकडं हुतं?"

"माझ्याकडे."

"तीच म्होरली बाजू असती गं. पाठीमागचं त्यो कशाला ऐकतोय?"

"मला जाहिरात नको होती."

"मग चिकटपट्टी मारायची की."

आमच्या घरातल्या एकाही पत्रकात चिकटपट्टीचा उल्लेख नव्हता.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. आत्यानं मात्र डोळे मिटून सगळी सहा गाणी ऐकली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वही आण. मी सांगती तसं तू म्हण. तुझाच आवाज धरतोय नव्हं त्यो माइक?"

तेव्हापासून दर रविवारी मी आजीची गाणी म्हणते. आत्या समोर बसून भडंग खाते आणि दर ओळीला एकच शब्द बोलते: "बेसूर." तळटीप देत नाही.

तुमच्या घरी कुणी गाणारं असेल तर हाच रविवार धरा. कुठलाही माइक आणा, फक्त त्याचं तोंड गाणाऱ्याकडे करा. आणि कृपा करून, तुम्ही बाहेर पायरीवर जाऊन बसा.