सीतारामरावांची जाळी

सीतारामराव कालव्याच्या खात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. भिंतीवर टांगलेलं आहे, चालू आहे, पण पिशवीत. वेळ बघायची तर खुर्चीवर चढावं लागतं.

शेजारच्या रघुरामला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा तो शाळेत होता. आता तो साहित्यात एम.ए. होऊन घरी बसला आहे. पिशवी तीच आहे.

तंजावूरच्या त्या गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांच्या घरी टीव्हीचा रिमोट पिशवीत. लग्नातली चांदीची ताटं गोणपाटात. छत्रीलाही पिशवी. नोकरीत असताना पाऊस लागला तर मामा छत्री काखेत धरून, भिजत, ती कोरडी घरी आणायचे.

"माझं बेष आहे," त्यांच्या पत्नी वसुमतीमामी म्हणायच्या. "मला अजून पिशवीत घातलं नाही."

गाडी चालवायला मामा शिकले ते साठी उलटल्यावर. गाडी पांढरी, लहान. तिच्यावर कव्हर. कव्हर कावळ्यांनी खराब करू नये म्हणून त्यावर मामींची जुनी नऊवारी. गाडी रस्त्यावर निघायची ताशी तीसच्या वेगाने, आणि मागे बसगाड्यांची मिरवणूक लागायची. मामांना वाटायचं, लोक मान देतात.

नवरात्राच्या सुरुवातीला तिरुच्चीच्या रस्त्यावर एका लॉरीच्या चाकाखालून दगड उडाला. तो ग्रिलमधून आत शिरला आणि रेडिएटर फोडून गेला. गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून घरी आली. सगळी गल्ली बघायला बाहेर आली. पुढच्या शनिवारी चेन्नईहून मुलगी आली. भुवना बँकेत आहे आणि बँकेसारखंच बोलते.

"अप्पा, हे शेवटचं. पुन्हा गाडी अशी उचलून आणावी लागली तर विकायची. माझ्या ऑफिसात एकाला हवीच आहे."

"गाडीची काय चूक?"

"मी गाडीची म्हणतच नाही."

त्या रात्री मामा जेवले नाहीत. सकाळी मात्र रघुरामला हाक आली. मामांना उपाय सापडला होता. ग्रिलच्या मागे जाळी बसवायची. दगड आला तर जाळीवर आपटेल आणि घरी जाईल.

मणीचं गॅरेज नव्या बसस्टँडच्या रस्त्याला आहे. फुटलेला रेडिएटर त्यानेच बदलला होता. सोमवारी सकाळी साडेसातला दोघं तिथे पोचले, आणि राहुकाळाची अशुभ वेळ टळावी म्हणून नऊ वाजेतो गाडीत बसून राहिले. मग मणीने बंपर खाली घेतला आणि मामांनी आणलेली जाळी उलगडली. ती त्याने डोळ्यांपुढे धरली.

"सार, ही खिडकीची डासांची जाळी आहे. गाडीला मोठ्या भोकांची लागते. वारा आत जायला हवा."

"वारा बारीक असतो, मणी. तो कुठूनही जातो. दगड जाड असतो."

मणीने रघुरामकडे पाहिलं. रघुरामने छताकडे पाहिलं.

"दोन पदरी लाव," मामा म्हणाले. "वर पण, खाली पण."

"सार, ऐका माझं..."

"बत्तीस वर्षं मी जाळ्या बघितल्या. कालव्याच्या एकेका दाराला जाळी असते. तू मला शिकवणार?"

"त्या साफ करायला माणूस असेल ना, सार?"

"असायचा. मी रिपोर्ट लिहायचो."

मणीने कात्रीने जाळी कापली, ग्रिलच्या मागे धरली आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधली. ग्रिलमधून आत बघितलं तर काहीच दिसेना. मामांना भरून आलं.

तीन दिवसांनी आयुधपूजा. त्या दिवशी घरातली हत्यारं पुसून, चंदन-कुंकू लावून पूजेला ठेवायची. कोणी वापरायची नाहीत. मामींनी विळी मांडली, कात्री मांडली, शिवणयंत्राला फूल वाहिलं. रघुरामचा लॅपटॉपही मागून नेला. एम.ए. झाल्यापासून त्याची कोणीतरी पूजा केलेली ही पहिलीच वेळ.

मग सगळे गाडीशी आले. मामींनी बॉनेटवर चंदनाची तीन बोटं ओढली आणि त्या वळल्या.

"आणि जाळी?" मामा म्हणाले.

"गाडीला लावलं की अस्कं आलं, जाळी पण."

"घरातलं सगळ्यात नवं आयुध ती आहे. तिला वेगळं लाव."

मामींनी ग्रिलच्या दांड्यांमधून दोन बोटं घातली. पुरेना. मामांनी रंगाचा ब्रश आणून दिला. सहाणेवरचं चंदन संपलं, तेव्हा डब्यातली चंदनपूड कालवली. वर विभूती. वर कुंकू.

"भरपूर लाव. कंजूषपणा देवाला कळतो."

जाळीची भोकं एकेक करून मिटली. रघुराम बघत होता.   दिवसभर ऊन होतं. चंदन वाळून टणक झालं.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. त्या दिवशी मामा दरवर्षी ओरत्तनाडुला थोरल्या बहिणीच्या, ताराबाईंच्या पाया पडायला जातात. भुवना सुट्टीवर आली होती. "मी पण येते," ती म्हणाली, आणि मागे मामींशेजारी बसली. तिने फोन मांडीवर ठेवला. रघुरामला पुढे बसवलं, कारण मामांना वाटेत खड्डे मोजायला कोणीतरी लागतं.

चार चाकांखाली चार लिंबं ठेवली होती. ती फुटली. गाडी निघाली.

कुरुवै हंगामाचं भात नुकतंच कापून झालं होतं. सरकारी खरेदी केंद्रावर रांग, म्हणून शेतकऱ्यांनी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलं होतं. समोरून बस आली की फोलपटं आणि पेंढ्याच्या काड्या उडायच्या. मामा प्रत्येक वेळी हसायचे.

"बघ रघु, एक काडी आत जात नाही."

ते खरंच होतं. आत काहीच जात नव्हतं. वाराही नाही.

बारा किलोमीटरवर एसीतून कोमट हवा यायला लागली.

"अप्पा, गरम होतंय."

"ऐप्पसी महिना सुरू व्हायचाय, पाऊस तेव्हा. ऊन असणारच."

तेवढ्यात रघुरामला इंजिनाच्या तापमानाचा काटा दिसला. तो लाल रेघेकडे निघाला होता. त्याने मामांकडे पाहिलं. मामांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती, विनंती होती. मग मामांनी खांद्यावरचं अंगवस्त्र काढलं, नीट घडी केली आणि काट्यावर टाकली.

पाठोपाठ त्यांनी हीटर लावला. इंजिन तापलं की हीटर लावायचा, म्हणजे इंजिनाची आग गाडीच्या आत येते आणि इंजिनाला आराम पडतो, हे त्यांना मणीनेच कधीतरी सांगितलं होतं. आग आली. काचा बंद होत्या, कारण उघडल्या तर फोलपटं. मामींच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलं. रघुरामने पाच वर्षं शोकांतिका वाचल्या होत्या. एकीतही हीटर नव्हता.

"अप्पा," भुवना शांतपणे म्हणाली, "तुम्ही हीटर लावलाय."

"एसीच आहे. अंमळ वेळ लागतो त्याला."

बॉनेटमधून वाफ आली तेव्हा मामांनी गाडी कालव्याच्या पुलाजवळ कडेला घेतली. "हा कालवा बघा," ते उतरून म्हणाले. "इथलं दार माझ्या हाताखाली होतं." कोणी कालव्याकडे पाहिलं नाही. सगळे गाडीच्या तोंडाकडे बघत होते. ग्रिलवर पेंढ्याचा थर बसला होता, आणि त्यामागे चंदनाची भिंत, भाजून भेगाळलेली.

"अय्यो," मामी म्हणाल्या. "चंदन किती बेष वाळलंय."

भुवनाने फोन उचलला. "मी टोइंगवाल्याला बोलावते."

मामांचा चेहरा उतरला. "अर्धा तास दे."

"कसाला? काय करणार तुम्ही?"

 रस्त्यावर एक म्हातारी पायांनी भात परतत होती. ती कमरेवर हात ठेवून जवळ आली, वाकून बघितलं आणि हसली.

"तुंबलंय, अय्या. आमच्या दाराची जाळी अश्शीच तुंबायची." तिने कालव्याकडे हात केला. "वरून पाणवेली यायच्या, अडकायच्या. शेवटच्या शेतांना थेंब नाही. तीन अर्ज दिले आम्ही. एक ऑफिसर यायचा. पुलावरूनच बघायचा. लिहून जायचा, जाळी सुस्थितीत आहे."



"दोन पिकं गेली," म्हातारी म्हणाली. "उंच होता. आणि एक मजा होती त्याची. पावसात यायचा तर छत्री पिशवीत. स्वतः भिजायचा."

मामींनी नवऱ्याकडे पाहिलं. भुवनाचा अंगठा फोनवर थांबला. रघुरामने कालव्याकडे पाहिलं. तिकडे बघणं सोपं होतं.

मामांनी नेसलेली वेष्टी वर खोचली. मग म्हातारीला म्हणाले, "आजी, विळा आहे?"

त्यांनी बॉनेट उघडलं. विळ्याच्या टोकाने वरच्या पट्ट्या कापल्या. हात भाजला, पण ओरडले नाहीत. खालच्या पट्ट्यांना हात पोचेना. तेव्हा ते, पांढऱ्या वेष्टीत, त्या फोलपटांवर उताणे झोपले आणि गाडीखाली सरकले. ज्या माणसाने रिमोट पिशवीबाहेर ठेवला नव्हता, त्याचे दोन पाय तेवढे रस्त्यावर दिसत होते. रघुराम बाटलीने कालव्याचं पाणी आणून देत होता. भुवना घड्याळ बघत होती.

"वीस मिनिटं झाली, अप्पा."

"अजून दोन पट्ट्या."

ती थांबली. फोन हातातच होता, पण थांबली.

जाळी निघाली. मामा बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत भात होतं, कपाळावर चंदन. त्यांनी जाळी म्हातारीपुढे धरली.

"ही घ्या. भात चाळायला."

म्हातारीने ती उजेडापुढे धरून बघितली. "हिला भोकं कुठे आहेत?" मग तिला दया आली असावी. "कोंबड्यांच्या खुराड्याला लावीन."

मामा निघेनात. "आजी," ते म्हणाले, "तो ऑफिसर..."

"माहीत आहे, अय्या," म्हातारी म्हणाली. "उतरलात तेव्हाच ओळखलं. विळा द्या माझा."

इंजिन निवल्यावर पाणी भरलं आणि काचा उघडून ते ओरत्तनाडुला पोचले. फोलपटं सगळ्यांच्या अंगावर होती.  गाडीचा वेग पंचवीस होता.

ताराबाई दारातच होत्या. त्यांनी भावाला खालून वरपर्यंत बघितलं. "हे काय रे सीताराम? आणि गाडी? ती जाळी बसवणार होतास ना?"

 मामांनी खिशातून किल्ली काढली आणि भुवनापुढे धरली.

"जाळी सुस्थितीत आहे, आत्या," भुवना म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "किल्ली ठेवा. उचलून आणावी लागली नाही, तेव्हा विकायची नाही. पण आधी ते घड्याळ पिशवीतून काढायचं. मला घरी वेळ दिसत नाही."

संध्याकाळी घरी परतल्यावर मामा खुर्चीवर चढले. रघुरामने खुर्ची धरली. पिशवी निघाली. घड्याळ आतून अगदी नवं होतं, आणि सव्वा तास मागे. कधीपासून, ते कोणालाच सांगता येईना.

मामांनी पिशवी पुसली, घडी घातली, आणि दुसऱ्या एका पिशवीत जपून ठेवली.