रुईचा धागा कोणी ओळखला

मी डिप्लोमावाला होतो हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवसांत मी ते कोणी न विचारताही सांगायचो. यवतमाळात आमचं घर कचेरीवाल्यांचं. आजोबा, वडील, काका, सगळ्यांची बोटं शाईनं भरलेली, मातीनं एकाचीही नाही. त्यामुळे कापडशास्त्राचा डिप्लोमा घेऊन मी आर्णीकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, लॅब सांभाळायला गेलो, तेव्हा आईला वाटलं, पोरगा शास्त्रज्ञच झाला.

कापसाचे भाव पडले होते ती वर्षं. बाहेरचे व्यापारी म्हणायचे, रुईच्या गाठीसोबत धाग्याच्या लांबीचा कागद दाखवा, मग बोला. म्हणून जिनिंगच्या मालकांनी, शेटजींनी, लांबी मोजायचं यंत्र आणलं आणि यंत्रासाठी मला. यंत्राला कायम एकसारखी थंड हवा लागायची आणि आमच्याकडे दिवसाचं भारनियमन. वीज जाऊन आली, की तापलेल्या खोलीत ते एकाच रुईची लांबी तीनदा तीन वेगवेगळी सांगायचं. आणि यंत्राशिवाय मला काही म्हणजे काही सांगता यायचं नाही.

मशीनमध्ये कापूस लोटणाऱ्या बायांत चाळिशीची एक बाई होती. एकदा माझी फजिती पाहून तिनं दोन नमुन्यांतली चिमूट चिमूट रुई उचलली, एकेक करून दोन्ही अंगठ्यांत धरून ओढली, जुळवून पुन्हा ओढली. "हा धागा मोठा हाये साहेब. तो दुसरा कायचा, लगेच तुटते." वीज परतल्यावर खोली थंड होऊ दिली आणि मोजलं. बाई बरोबर. दुसऱ्या दिवशीही बरोबर. मग काय, वीज गेली की नमुने घेऊन मी कडुलिंबाखाली, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. ती नमुने ओळीनं लावून द्यायची, मी तिच्या 'जरासा मोठा'चे मिलिमीटर करायचो आणि खाली ऐटीत सही ठोकायचो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी. व्यापारी खूश होते, शेटजीही खूश होते.

पुढं लॅबमध्ये एक मदतनीस घ्यायचं ठरलं. बसून काम, महिन्याचा पगार. ते कानावर गेलं तशी ती मला म्हणाली, "साहेब, शेटजीले मायं नाव सांगान काय? या धुळीनं खोकला हटूनच नाही राह्यला. डाक्टर म्हणते, काम सोड. सोडून खाऊ काय?"

"सांगतो ना. उद्याच सांगतो," मी म्हणालो. तेव्हा मनापासूनच म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही नमुने मांडून बसलो असताना शेटजी स्वतःच तिथं आले. "ही बाई इथं काय करून राह्यली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रुई हीच ओळखते, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं, की पुढचा सवाल ठरलेला: मग तुले कायले ठेवलं?

"नमुने आणून देते," मी म्हणालो.

"लॅबमध्ये चालन काय? शिकलेली हाये?"

"नाही. शाळेत गेलेली नाही."

यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि त्याच्याच आड मी लपलो. शेटजी मान हलवून निघून गेले. आठवड्याभरात त्या खुर्चीत त्यांच्या नात्यातला एक पदवीधर येऊन बसला आणि मी कायम झालो.

ती आता येणार नाही असं वाटलं होतं. चार शिव्या घातल्या असत्या तर माझीच सुटका झाली असती. पण वीज गेली, आणि मी, निर्लज्ज माणूस, पुन्हा नमुने घेऊन कडुलिंबाखाली उभा. तिनं डबा बाजूला सरकवला. खोकत खोकत एकेक धागा ओढला, ओळ लावून दिली.

"तुमची नोकरी पक्की झाली म्हणते?"

"झाली."

"बरं झालं. तुमी शेटजीले खरं तेच सांगतलं, मले राग नाही. मीच शिकली नाही, तं कोणाले काय म्हणू?" पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "मायी पोरगी दहावीत हाये. कितीही खोकला येऊ दे, तिले मी तुमच्यासारखंच करीन."

मी मान खाली घालून मिलिमीटर लिहीत राहिलो. माझ्यासारखं करू नको, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.