समोर बसणारे नाना

बाकीचे मिस्त्री ट्रकचे दिवे बसवले की केबिनमध्ये चढून बघतात. आमचे धुळ्याचे नाना केबिनमध्ये कधी चढलेच नाहीत. ते लांब समोर जाऊन उलट्या क्रेटवर बसत आणि उजेड डोळ्यांत गेला की ड्रायव्हरला खुशाल शिव्या घालत. “समोरना बी कोनातरी पोऱ्या शे,” समोरचाही कुणाचा तरी मुलगाच, हे त्यांचं पालुपद.

एकदा एक ट्रकमालक डोळे दिपवणारे पांढरेशुभ्र बल्ब घेऊन आला. नानांनी ते निमूट लावले, मालकालाच क्रेटवर बसवलं आणि स्वतः बंपरपाशी उभे राहून विचारलं, “मना हातमा काय शे, सांग.” त्या बिचाऱ्याला नानाच दिसेनात, तर हात कुठून दिसणार? हातात चहाचा ग्लास होता. नानांनी चहा सावकाश संपवला आणि बल्ब काढून त्याच्या हवाली केले.

तसलेच बल्ब मागायला मीही गेलो होतो. रावेरहून केळी भरून मी धुळ्यावरून सुरतेला जायचो. काही महिने झाले, अंधार पडला की मला रस्ताच नीट दिसत नव्हता. वर समोरचे ड्रायव्हर दिव्यांची उघडझाप करून, डिपर मारून जीव नकोसा करत. माझ्या वडिलांची नजर अशीच हळूहळू गेली होती. आता आपली पाळी, असं मी धरूनच चाललो होतो. दवाखान्यात जायची छाती होत नव्हती. स्टिअरिंग सुटलं तर घर कसं चालायचं, हा घोर जळगावात मेहरूणच्या घरी बायकोलाही कळू दिला नव्हता.

नानांपुढे मात्र सगळं तोंडून निघून गेलं. त्यांनी विचारलं, “रिकामी गाडी लई येस तवय दिसस का?”

मी म्हटलं, “रिकामी आणताना? दिसतं की.” म्हटल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

“मंग तुना डोया भरेल गाडीमाच बिघडतस का?”

दिवे मी जळगावला रिकाम्या गाडीवर लावून घेतले होते. माल भरला की ट्रक मागे दबायचा, तोंड वर करायचा, आणि उजेड रस्ता सोडून निंबाच्या शेंड्यांवर नि समोरच्याच्या डोळ्यांत जायचा. नानांनी भरलेलाच ट्रक भिंतीपुढे उभा केला, खडूने रेघ मारली, काळवंडलेले रिफ्लेक्टर बदलले, बॅटरीपासून जाड वायर ओढली आणि उजेड रेघेखाली आणला. मग क्रेटवर जाऊन बसले. बराच वेळ शिवी ऐकू आली नाही, तेव्हा मी समजलो. “रिकामा येवाना टायमाले उजेड जोगे पडी, तवय धीरे चालाव,” रिकाम्या गाडीचा उजेड जवळच पडणार म्हणून एवढं बजावून त्यांनी मला वाटेला लावलं.

पुढे डॉक्टरांनीही डोळे ठीक असल्याचं सांगितलं. नाना आता नाहीत. ते गेले तेव्हा मी सुरतेला होतो, शेवटचं दर्शन झालं नाही, याचं फार वाईट वाटतं. पण त्यांची आठवण निघाली की मला दिवे नीट केले त्याच दिवसाची रात्र आठवते. साक्रीच्या पुढे कापसाची एक बैलगाडी, बिनदिव्याची, इतक्या लांबून दिसली की ब्रेकवर पाय सावकाश ठेवता आला. समोरून गाड्या येत होत्या, एकही डिपर मारत नव्हती. मी ट्रक कडेला घेतला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडलो. मागे ट्रक थांबलेला पाहून म्हातारा गाडीवान बैल थांबवून केबिनपाशी आला.

“काय व्हयनं, भाऊ?”

“काही नाही, आबा,” मी म्हटलं. “तुम्ही दिसलात.”