वरच्या रॅकमधली मागची जागा

धानोरा रोडवर तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराचं घर आहे. तिथे रुखमा भांडी घासायची. ती माझी शेजारीण, तोंडानं फटकळ आणि मनात डूख धरणारी. याच गुणासाठी ती मला आवडते. क्षमा करणारी माणसं मला पुष्कळ भेटली, पण त्यांच्यामुळे समोरचा सुधारल्याचं काही माझ्या पाहण्यात नाही.

त्या घरात रुखमाचा कप वेगळा होता. निळ्या फुलांचा, कान तुटलेला, मागच्या मोरीच्या खिडकीत पालथा ठेवलेला. आम्ही बौद्ध, म्हणून कप खिडकीत. हे कुणी बोलून दाखवत नसे आणि रुखमाही विचारत नसे. ठेकेदारीण सुलोचनाबाई वरून चहा ओतायच्या, रुखमानं तो प्यायचा आणि कप विसळून पुन्हा पालथा घालायचा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या पुण्याच्या मुलानं भांडी धुण्याचं मशीन पाठवलं. ते बसवायला नागपूरहून मेकॅनिक आला. त्यानं दोन्ही रॅक बाहेर ओढून दाखवले. खालच्या रॅकचे दाते आडवे पाडले की कढई आणि कुकर पालथे बसतात. बाजूचे खटके दाबले की वरचा रॅक उंच होतो आणि खाली मोठी ताटं उभी राहतात. वाटीत वाटी घालायची नाही. फवाऱ्याचा पंखा हातानं फिरवून बघायचा, कुठे अडायला नको. "मशीन पूर्ण भरूनच चालवा," तो म्हणाला. "अर्धं भरलं तरी पाणी तेवढंच लागते. अन् तेच पाणी फिरून फिरून सगळ्या भांड्यांवर पडते."

बाईंनी सगळं ऐकलं आणि एकच सूचना केली. "रुखमा, तुझा कप यात नको घालू. तो बाहेरच धूत जा."

रुखमा बरं म्हणाली. तेव्हा तिला राग आला नव्हता. काम टिकलं, एवढ्यावर ती खूश होती.

राग आला तो भाग्यश्रीमुळे. ही रुखमाची मुलगी, नर्सिंग करून नुकतीच दवाखान्यात लागलेली. बाईंनी तिला गुडघ्याचं ड्रेसिंग करायला घरी बोलावलं. पोरीनं त्यांचा पाय मांडीवर घेतला, जखम पुसली, पट्टी बांधली. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, गुणाची पोर म्हणाल्या आणि चहा दिला. त्याच कपात.

भाग्यश्रीनं चहाला तोंड लावलं नाही. घरी आल्यावर आईला विचारलं, "आई, तू रोज त्यातच पेते? अन् मले कधी सांगितलं नाई?"

त्या दिवसापासून पोरगी आईशी कामापुरतं बोलू लागली. दोघी शेजारी बसून जेवायच्या, पण पोरगी तिच्याकडे बघायची नाही. रुखमाला बाईंचा राग आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. आपल्या पोटची पोर आपल्याला हलकी समजते आहे, आणि हे असंच राहिलं तर? ते तिला सोसणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती मशीन मन लावून भरू लागली. बाई पाय लांब करून खुर्चीत बसायच्या आणि तिथून सगळं बघायच्या, त्यामुळे आपला कप आत लपवायला जागा काढावी लागणार होती. रुखमानं वरचा रॅक उंच केला. ताटं एका रेषेत उभी केली. कढई आडव्या दात्यांवर पालथी घातली. पेले कडेला लावले, वाट्या तिरप्या टेकवल्या. अशी आवराआवर केल्यावर वरच्या रॅकमध्ये अगदी मागे, नैवेद्याच्या वाट्यांच्या आड, वीतभर जागा निघाली. कप तिथे गेला. मशीन थांबलं की भांडी काढायचं काम तिचंच, त्यामुळे तो गुपचूप पुन्हा खिडकीत यायचा.

"रुखमाच्या हातानं एका खेपेत सगळं बसतं," बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. रुखमा पदराआड हसायची. उन्हाळा गेला, पाऊस आला, कप रोज त्या घरच्या ताटांसोबत न्हाऊन निघत होता.

घरी तिनं यातलं काही सांगितलं नाही. तिला महालक्ष्म्यांची वाट बघायची होती.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला बाईंकडे शेजारपाजारच्या सगळ्या सवाष्णी येतात. त्या दिवशी सोवळं, म्हणून धुतलेल्या भांड्यांना सणाला पुण्याहून आलेली सून हात लावणार, रुखमा नाही. पण खरकटी भांडी मशीनमध्ये भरायला रुखमाच हवी. मशीनचं धुतलेलं सोवळ्यात चालतं, असा निर्णय बाईंनी स्वतःच दिला होता.

पहिली पंगत उठली. रुखमानं मशीन भरलं आणि कप या वेळी मागे ठेवला नाही. सगळ्यांत पुढे, दार उघडताच दिसेल असा ठेवला.

दुसरी पंगत बसायच्या वेळी सुनेनं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. बाई काठी टेकत आल्या.

"हा कप इथी कसा?"

"रोजच असते, बाई," रुखमा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचं ड्रेसिंग चालू होतं ना, तवापासून. तुमच्या ताटाईसोबत, देवाच्या वाट्याईसोबत. पाणी एकच, फिरून फिरून सगळ्याईवर पडते. मेकॅनिकनं सांगितलं होतं तुमच्याच पुढं."

पहिल्या पंगतीच्या बायका विडा चघळत होत्या, त्यांची तोंडं थांबली. बाईंचा चेहरा पांढरा पडला. "सगळे भांडे बाहेर काढा," त्या सुनेवर ओरडल्या. "फेकून द्या सगळे."

"भांडे फेका न, बाई," रुखमा पदराला हात पुसत म्हणाली. "पण इतके महिने पोटात गेलं, ते काढून कुठी फेकता?"

ती चपला घालून निघाली. काम गेलं हे सांगायला नकोच.

घरी येऊन तिनं भाग्यश्रीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी तिथेच होते. पोरगी मान खाली घालून शेंगा सोलत होती. सांगून झालं तरी तिची बोटं शेंगांतच होती. रुखमाचा जीव टांगणीला लागला होता, ते तिच्या तोंडावर मला दिसत होतं.

मग भाग्यश्रीनं सूप बाजूला सारलं आणि आईकडे सरळ बघितलं.

"ते पोटातलं बोलली न तू," ती म्हणाली, "ते अजून एकडाव सांग."