काढून ठेवलेली तर्री

माझं हृदय मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा निवृत्त होऊन मला चार महिने झाले होते. जालना रोडवरच्या एका दवाखान्यात उघड्या अंगानं डाव्या कुशीवर पडलो होतो, छातीवर थंडगार जेली, आणि समोरच्या पडद्यावर ते चाललं होतं. तीस वर्षं मी चिकलठाण्याच्या कारखान्यात पंपांचे व्हॉल्व तपासले. एखादा थेंबभर गळला तरी बाजूला काढायचा, हे माझं काम, आणि त्यापायी खडूस म्हणून माझी ख्याती. इथं माझ्याच छातीत एक पातळ पडदा उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता. ना तेलपाणी, ना साप्ताहिक सुट्टी, ना दुरुस्तीसाठी बंद. मी तपासणाऱ्या मुलीला विचारलं, "हे जन्मल्यापासून असंच चाललंय?" ती म्हणाली, "काका, बोलू नका." माझे डोळे भरून आले होते. खरं सांगतो, देवळातसुद्धा माझं असं कधी झालं नव्हतं.

व्हॉल्व उत्तम होते, नळी बिघडली होती. पुढच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं की कोलेस्टेरॉल भलतंच वाढलंय, एका रक्तवाहिनीत चरबीचा थर धरलाय. "गोळ्या देते. पण ताट बदललं नाही तर नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. सहा महिन्यांनी बघू. सुधारणा नसेल तर पुढचा विचार करावा लागेल." पुढचा म्हणजे कसला, हे विचारायची माझी छाती झाली नाही. शेजारच्या खुर्चीत बायको बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "खायला काय द्यायचं आन् काय नाय, ते कागदावर लिहून देता का?"

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. माझं गाव पाचोडजवळ. बाजारच्या दिवशी घरी मटण शिजलं की रश्श्यावर लाल तेलाचा थर तरंगायचा. ती तर्री. पळी वरच्यावर अलगद फिरवून ती आधी पाहुण्याच्या वाटीत घालायची, मग कर्त्या पुरुषाच्या. खालचा रस्सा बायकापोरांचा. ज्याला तर्री नाही त्याला मान नाही. "नुसतं पाणी वाढलं," म्हणून रुसून गेलेले सोयरे मी पाहिलेत. बायको गंगापूरकडची, तिकडंही हेच. चौतीस वर्षं तिनं मला मानानं तर्री वाढली, आणि आता तो मान माझ्या रक्तवाहिनीत जाऊन बसला होता.

कागद फ्रिजच्या दारावर चिकटला. मी उत्साहानं महागडे ओट्स घेऊन आलो होतो. तिनं कागदावर बोट फिरवत वाचलं: ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, जवसाची चटणी, पालेभाजी. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काखेत कळसा आन् गावाला वळसा. हे समदं घरात हाय की." ओट्स तसेच पडून राहिले.

नंतर तिनं जे केलं, ते बघून मी थक्क होत गेलो. सकाळी केलेला मटणाचा रस्सा गार करून ती फ्रिजमध्ये ठेवायची. संध्याकाळपर्यंत वरची चरबी थिजायची, ती चमच्यानं खरवडून एका स्टीलच्या वाटीत काढायची आणि मग उरलेला रस्सा गरम करायची. दूध तापवून, निववून, साय काढायची, पुन्हा तापवायची, पुन्हा साय. अंडं उकडलं की मला फक्त पांढरं. मी 'खाईन तर तुपाशी' म्हणत वाढलेला माणूस. पहिले पंधरा दिवस चिडलो, ताटावरून उठलो, आजाऱ्याचं जेवण म्हणून टोमणे मारले. ती ढिम्म हलली नाही. कारखान्यात मी हाताखाली कितीतरी तपासनीस तयार केले, पण इतकी कडक नजर एकाचीही नव्हती. तीन महिन्यांत दोन जिने न थांबता चढायला लागलो. छातीत तो पडदा उघडतोय-मिटतोय आणि त्याला ही बाई सांभाळतेय, असं वाटून कधीकधी मी स्वयंपाकघराच्या दारात नुसता उभा राहायचो. "काय पायजे?" ती विचारायची. मी म्हणायचो, "काही नाही."

सहा महिने झाले. रक्त द्यायला सकाळी उपाशी पोटी जायचं होतं. ती बरोबर आली होती. लॅबमधली मुलगी तिला म्हणाली, "काकू, आल्याच आहात तर तुमचंही देऊन टाका. काही खाल्लंय का?" बायको हसली. "ह्यांच्या आधी मी कधी खाल्लंय?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी माझा कागद बघितला आणि म्हणाल्या, "वा, काका." मी खुर्चीत सैल झालो. मग त्यांनी बायकोचा कागद उचलला आणि एका आकड्याभोवती पेनानं गोल केला. तिचं कोलेस्टेरॉल सहा महिन्यांपूर्वीच्या माझ्या आकड्याच्याही वर होतं.

"काकू, तुम्ही काय खाता?"

"ह्यांना करते तेच."

"अगदी तेच?"

बायकोला खोटं बोलता येत नाही. "ह्यांचं काढून ठेवलेलं बी खाती," ती म्हणाली. "साय, अंड्यातलं पिवळं, ती वाटीतली तर्री. भाकरीसंगं संपवून टाकती. अन्न हाय ते, टाकून कसं द्यायचं?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. वयामुळं, घराण्यामुळंही असं होतं, सगळा दोष त्या वाटीचा नाही, असं त्यांनी समजुतीनं सांगितलं. तिलाही गोळी आणि तपासण्या लिहून दिल्या, आणि हे आजच्या आज बंद, असं बजावलं. मला मात्र पुढचं फारसं ऐकू आलं नाही. कारखान्यात नापास झालेला नग कुठल्या पेटीत गेला, पुढं त्याचं काय झालं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. घरात सहा महिने एक वाटी भरत होती, आणि ती कुठं रिकामी होते हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी कौतुकानं दारात उभा राहत होतो. आणि पुढं तिचं जेवण व्हायच्या आत हात धुऊन टीव्हीसमोर बसत होतो. मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

घरी आल्यावर मी म्हणालो, "यापुढं ते फेकून द्यायचं."

"माझे हात धजायचे नाय," ती म्हणाली. तेही खरंच होतं. शेवटी आम्ही असं ठरवलं की जे काढून टाकावं लागेल ते भांड्यात पडूच द्यायचं नाही. तेल दोघांचं मिळून चमच्यानं मोजून, दूध बिनसायीचं, मटण सणावारी. हे एवढं साधं आम्हा दोघांना सहा महिने सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "आज तूही बरोबरच बस." तिला ते जमेना. पाणी आणायला उठली, मीठ आणायला उठली, गॅस बघायला उठली. मग मीच स्वयंपाकघरात गेलो. तिनं थापून टाकलेली शेवटची भाकरी तव्यावर होती. ती मी उतरवली, बोटं भाजून घेतली, आणि तिच्या ताटात ठेवली. तिनं पापुद्रा मोडला. वाफ आली. मटकीबरोबर घास तोंडात घातला आणि ती थांबली.

"भाजलं का?" मी घाबरून विचारलं.

"नाय वो." तिनं हळूहळू चावलं. "गरम भाकरी अशी लागती व्हय? मी पार इसरलेच व्हते."

चौतीस वर्षं तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात पडत आली होती. मी मान खाली घातली. ती मात्र दुसरा घास मोडत होती.